माझा पंचम, त्यांचा षड्ज

गेल्या महिन्यात एम.ए. संगीताची दुरुस्त गुणपत्रिका हातात आली. दोन वर्षं, चार सत्रं, ८८ क्रेडिट (अभ्यास मोजायचं एकक). वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून हे सुरू केलं तेव्हा दर टप्प्यावर एकच अडचण यायची: विचारायचं कोणाला? विभागाच्या फलकावर अभ्यासक्रम लावलेला असतो. पण गाण्याच्या विशारद परीक्षेच्या प्रमाणपत्रावरचं नाव जुळलं नाही तर काय करायचं, परीक्षेच्या साथीदारांचे पैसे कोणी द्यायचे, शाळेत शिकवलेले तास कसे मोजायचे, हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून तारखा आणि खर्च यांच्यासकट लिहून ठेवतोय. रकमा माझ्या वेळच्या आहेत, तुमच्या वेळी बदललेल्या असतील.

आधी थोडं माझ्याविषयी. बी.कॉम. २००७ चं, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद पूर्ण २००९ ची. तेव्हापासून नारायण पेठेत एका कार्यालयात हिशेबाचं काम करतो. सदाशिव पेठेत गुरुजींकडे शनिवारी शिकायला जातो आणि संध्याकाळी धायरीला घरी पाच-सहा मुलांना गाणं शिकवतो. त्यांतल्या एका मुलाला आठ महिने झाले तरी स्वर मिळत नव्हता. मी 'सा' म्हणायचो, तो तिसरंच काही म्हणायचा. मी पुन्हा म्हणायचो, जरा मोठ्याने. त्यापलीकडे माझ्याकडे काहीच उपाय नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये त्याच्या आईने सरळ विचारलं, "सर, शिकवण्याचं असं काही शिक्षण असतं का हो?" त्यांनी साधेपणानेच विचारलं होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

पुण्यात एम.ए. संगीत करायचं तर पर्याय आहेत. गणेशखिंडीला पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, भारती विद्यापीठाचा परफॉर्मिंग आर्ट्सचा विभाग आहे, मुलींसाठी कर्वे रस्त्यावर एसएनडीटी आहे. प्रत्येक ठिकाणी जाऊन अभ्यासक्रमाची पत्रिका मागून घ्या आणि प्रात्यक्षिकाला किती क्रेडिट, अध्यापनाला किती, हे पेन्सिलीने खुणा करून मोजा. मला गाणं आणि शिकवणं दोन्ही हवं होतं. मी कुठे शिकलो ते लिहीत नाही, कारण पुढे काही कुरबुरी येणार आहेत आणि तिथल्या माणसांनी मला खूप दिलं आहे.

गुरुजींना सांगायला दोन शनिवार धीर झाला नाही. तिसऱ्या शनिवारी सांगितलं. ते तानपुरा मिळवत होते, मिळवून होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कागद हवाय, की शिकवायचं कसं ते शिकायचंय?"

"दोन्ही, गुरुजी."

"मग जा. पण सकाळचा खर्ज चुकवायचा नाहीस." खर्ज म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज.

मेच्या शेवटी प्रवेशाची सूचना लागली. पात्रता अशी: कोणत्याही शाखेची पदवी आणि विशारद किंवा तेवढी तयारी, जी चाचणीत गाऊन दाखवायची. अर्जाचे ६०० रुपये ऑनलाइन भरले आणि कागदपत्रांच्या मागे लागलो. मधली सोळा वर्षं शिक्षणात खंड होता, त्यासाठी गॅप सर्टिफिकेट. १०० रुपयांचा मुद्रांक, टायपिंग आणि नोटरी धरून ४५० रुपये गेले. जूनचा दुसरा आठवडा, पालख्या पुण्यात मुक्कामी, रस्ते बंद. स्वारगेटपर्यंत बसने गेलो आणि तिथून शिवाजीनगर कोर्टापर्यंत फाइल छातीशी धरून चालत. पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असल्याने मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीचं विद्यापीठ सोडल्याचा दाखला, हवं होतं, त्याला २३ दिवस लागले. हा कागद सगळ्यात आधी मागवा. प्रवेश मिळाल्यावर मागवू म्हणाल तर मुदत निघून जाते.

त्यात नावाचा घोळ निघाला. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव दत्तात्रय, पदवीच्या गुणपत्रिकेवर दत्तात्रेय आणि विशारदच्या प्रमाणपत्रावर नुसतं 'द.' खिडकीतल्या बाईंनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "ही तीन माणसं झाली." पुन्हा नोटरी, पुन्हा प्रतिज्ञापत्र, की या तिन्ही नावांची व्यक्ती एकच. वडील जाऊन सहा वर्षं झाली आहेत. 'सदर तिन्ही नावे माझ्या वडिलांचीच आहेत' या ओळीखाली सही करताना हात जरा अडखळला. आज संध्याकाळीच आपली जुनी प्रमाणपत्रं काढून मात्रा-वेलांट्या तपासा. डिजिलॉकरमधून एबीसी आयडीही (ज्या खात्यात आपली क्रेडिट जमा होतात त्याचा क्रमांक) काढावा लागतो, आणि त्यासाठी आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला लागतो. माझा जोडलेला क्रमांक २०१४ सालचा, बंद पडलेला. तो बदलण्यात आणखी एक सकाळ गेली.

प्रवेश चाचणी ५ जुलैला. पंधरा मिनिटं मिळतात. माझा नंबर दुपारी एकच्या सुमाराला होता म्हणून भीमपलास हा दुपारचा राग तयार केला होता. सातव्या मिनिटाला त्यांनी थांबवलं. (थांबवलं म्हणजे आवडलं नाही, असं समजू नका. सगळ्यांनाच थांबवतात.) समोर चौघं होते. त्यांतल्या एका मॅडम म्हणाल्या, "भूप गा. आता देशकार गा." दोन्ही गायलो. "आता न गाता फरक सांगा." मी म्हटलं, स्वर तेच, सा रे ग प ध. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार (ग), देशकाराचा धैवत (ध). भूप कल्याण थाटातला, देशकार बिलावल थाटातला. त्या म्हणाल्या, "हे पुस्तकातलं झालं. समोर दहा वर्षांचा मुलगा बसलाय. त्याला काय सांगाल?"

मला काहीच सुचलं नाही. भूप मी नऊ वर्षांचा असताना शिकलो. इतकी वर्षं गातोय, घरी शिकवतोही. आणि एका मुलाला सांगण्यासारखं वाक्य माझ्याजवळ नव्हतं.

प्रतीक्षा यादीत चौथा होतो. बारा दिवस फोन उशाशी घेऊन झोपलो. १७ जुलैला फोन आला: उद्या संध्याकाळपर्यंत शुल्क भरा. पहिल्या वर्षाचे २१,५०० रुपये. मुदत ठेव मोडली.

१ ऑगस्टला वर्ग सुरू झाले, सकाळी आठ ते साडेबारा. कार्यालयातल्या साहेबांनी दीड ते साडेसात अशी वेळ करून दिली आणि पगार एक तृतीयांश कमी केला. ते रास्तच होतं, पण महिनाअखेरीला जाणवायचं. घर दोन वर्षं मुख्यतः बायकोच्या पगारावर चाललं. "फॉर्म भरलास ना, आता पैशांचं रोज बोलायचं नाही," असं तिने एकदाच बजावलं आणि शेवटपर्यंत पाळलं. वर्गात बाकीचे बावीस-तेवीस वर्षांचे. पहिल्या आठवड्यात 'काका' म्हणायचे, दुसऱ्या आठवड्यापासून 'दादा'.

आमची तुकडी नव्या शैक्षणिक धोरणाची पहिली. प्रत्येक सत्राला २२ क्रेडिट. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंग म्हणजे ओजेटी, पुढच्या दोन्हींत संशोधन प्रकल्प. या नव्या गोष्टींबद्दल विभागाच्या कार्यालयातल्या लोकांनाही पुरती कल्पना नव्हती, सगळेच एकमेकांना विचारत होते.

शास्त्राच्या पेपरची मला धास्ती होती. ती कमी झाली नारायण पेठेतल्या पुणे मराठी ग्रंथालयात, कामावर जायच्या आधीच्या अर्ध्या-पाऊण तासात. तिथे वाचताना आपण शिकलो ती पद्धत आली कुठून, हे पहिल्यांदा नीट कळलं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणं गुरूच्या घरातून शाळेच्या वर्गात आलं. वर्ग आला की ठरलेला अभ्यासक्रम आला, परीक्षा आली, स्वर लिहायची लिपी आली. त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. माझी विशारद हा त्याच झाडाचा एक फाटा. अख्ख्या वर्गाला एकदम गाणं कसं शिकवायचं, ही पलुस्करांपुढची अडचण बेचाळीस मुलांसमोर उभा राहिल्यावर मला अगदी जवळून दिसली, पण ते पुढे येईल.

ऑक्टोबरात सूक्ष्म अध्यापन झालं. सहा मिनिटांचा पाठ, समोर आपलेच सहाध्यायी मुलं होऊन बसलेले. मी भूप घेतला. पाठ टाचण रात्री दोनपर्यंत जागून लिहिलं होतं: उद्दिष्टं, पूर्वज्ञान, फलकलेखन, मूल्यमापन. पाठ झाल्यावर माझं चांगलं झालं, असंच मला वाटलं. सरांनी एकच प्रश्न विचारला, "सहा मिनिटांत मुलं किती वेळ गायली?" एका मुलीने घड्याळ लावलं होतं. चाळीस सेकंद. उरलेला सगळा वेळ मी बोलत होतो किंवा स्वतः गात होतो. तो दुसरा भाग जास्त लागला. मला गायला आवडतं, आणि मुलांच्या वाटची पाच मिनिटं मी आवडीने खाऊन टाकली होती.

दिवाळीच्या सुट्टीत तानपुरा घेऊन रेल्वेने मिरजेला गेलो, जवारी काढायला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून नाद खुलवून घ्यायला. दोन दिवस, १,८०० रुपये, प्रवास वेगळा. इथेही कारागीर आहेत, पण हा तानपुरा मिरजेचाच, त्यामुळे माहेरी न्यावा तसा नेला. घोडीवरून कानस अगदी हलक्या हाताने फिरते, मग तारेखाली दोरा सरकवून ऐकायचं, पुन्हा कानस. कारागीर चाचांनी चौथ्या की पाचव्या वेळी तार छेडली आणि ती बोलायला लागली. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली तेव्हा चाचांची बोटं आठवली. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव आणि त्याला लागूनच सत्रपरीक्षा. एकच संध्याकाळ मुकुंदनगरला जाता आलं.

आता ओजेटी. हे सविस्तर लिहितो.

चार क्रेडिट म्हणजे १२० तास, जानेवारी ते एप्रिल २०२४. शाळा स्वतः शोधायची. तीन शाळांनी नाही म्हटलं. चौथ्या शाळेच्या, सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका मराठी शाळेच्या, मुख्याध्यापिका बाई हो म्हणाल्या. तिथे संगीताला शिक्षक नव्हता. कपाटात एक पायपेटी होती, तिचा भाता एका कोपऱ्यात फाटलेला. विभागाचं विनंतीपत्र, शाळेचं संमतिपत्र आणि नोंदवही, प्रत्येकाच्या तीन प्रती करा आणि पोच घेतल्याशिवाय प्रत हातातून सोडू नका.

पाचवी ते आठवीच्या तुकड्या मिळाल्या, एकेका वर्गात चाळीसच्या वर मुलं. पहिल्या दिवशी मी सवयीप्रमाणे काळी एकला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला, सा लावला आणि मुलांना म्हणायला सांगितलं. अर्धी मुलं माझ्यासारखं गायला म्हणून खाली उतरली आणि घशात गुरगुरायला लागली. काही वरच्या सप्तकात गेली आणि ओरडली. बाकीची गप्प. घरच्या मुलांपैकी ज्याला आठ महिने स्वर मिळत नव्हता, तो तिथे उभा राहून मला एकदम आठवला. त्याला स्वर मिळत नव्हता, कारण मी तो माझ्या गळ्यात ठेवून देत होतो.

दुसऱ्या दिवशी पेटीवर एकेक पट्टी धरून बघत गेलो. काळी चारला आल्यावर वर्ग मोकळा झाला. मुलांची तोंडं उघडली, खांदे खाली आले. पेटीवरचं बोट मी तसंच ठेवलं आणि मग लक्षात आलं की काळी एकपासून काळी चार म्हणजे माझा पंचम, माझा प. माझ्या तानपुऱ्याची पहिली तार ज्या स्वराला मिळवतो, तोच यांचा सा.

पण त्यामुळे माझी पंचाईत झाली. त्यांच्या सा पासून वर गायचं तर त्यांचा तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) हा माझा तार पंचम, तिथे माझा गळा जात नाही. खालून गायचं तर मी त्यांच्यापेक्षा एक सप्तक खाली, आणि ती पुन्हा गुरगुरणार. म्हणजे मी गाऊन दाखवायचं आणि त्यांनी उचलायचं, या ज्या एका मार्गाने मी स्वतः शिकलो तो मार्गच बंद. मग पेटीवर स्वर द्यायला लागलो आणि ज्या मुलीचा स्वर चोख लागायचा तिला पुढे उभी करून बाकीच्यांना तिच्यामागून म्हणायला सांगायला लागलो. दर दोन दिवसांनी पुढे उभं राहणारं मूल बदलायचं. मी गप्प बसून ऐकायला लागलो. तुम्ही पुरुष असाल आणि शाळेत शिकवणार असाल, तर पहिल्या तासाला स्वतःची पट्टी घरी ठेवून जा.

फळ्यावर भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत स्वर लिहिले: कोमल स्वराला खाली आडवी रेघ, मंद्राला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराला, खाली टिंब, तार स्वराला वर टिंब. सहावीतला एक मुलगा उठून तार षड्ज वाचू लागला, "सर, हे 'सान्' असं म्हणायचं का?" वर टिंब दिलेला सा म्हणजे त्याच्या दृष्टीने अनुस्वार. त्याचं काय चुकलं? त्याला पहिलीपासून तेच शिकवलंय. तेव्हापासून तार सप्तकाचं टिंब रंगीत खडूने द्यायला लागलो.

आठवीतला एक मुलगा शेवटच्या बाकावर बसून नुसते ओठ हलवायचा. त्याचा आवाज फुटत होता. सगळ्यांदेखत गायला लावणं म्हणजे त्याला कायमचं गप्प करणं. त्याला झांज दिली, लय सांभाळायला. मधल्या सुट्टीत तो आपणहून यायचा, तेव्हा आम्ही दोघं माझ्या पट्टीत, खालच्या आवाजात गायचो.

भूप आणि देशकार मार्चमध्ये घेतले. तासिका सकाळी साडेअकराची, भूपाची वेळ नव्हे. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "शाळेची घंटा वाजते तीच वेळ." मुलांना नावं न सांगता पेटीवर दोन्हींचे चार-चार स्वरसमूह वाजवले आणि सांगितलं, सूर जिथे टेकतो तिथे वहीत त्या स्वराखाली एक रेघ मारा. पहिल्यात ग खाली सगळ्यात जास्त रेघा पडल्या, मग सा. दुसऱ्यात ध आणि प. वह्यांकडे बघून सहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, इमारत एकच आहे. पहिला खाली राहतो आणि दुसरा गच्चीत." मी ते वाक्य तिच्या नावानिशी नोंदवहीत लिहिलं.

आता तासांचा घोळ. आपल्याकडे शाळेत 'तास' म्हणजे तासिका, आणि ती ३५ मिनिटांची. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझे १२० 'तास' भरले, बाईंनी सही-शिक्का दिला. विभागात नोंदवही नेली तर तिथे तास म्हणजे ६० मिनिटं. १२० तासिकांचे झाले ७० तास, ५० कमी. वार्षिक परीक्षा तोंडावर, सत्र संपायला पाच आठवडे. मी जिन्यातच बसलो. चूक माझी होती, पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. मात्र पत्रात 'तास' लिहिताना मिनिटं लिहिली असती तर हे झालं नसतं, आणि हे मी विभागाला लेखी कळवलं. पुढच्या तुकडीच्या पत्रात आता '१२० घड्याळी तास' असं छापलंय.

मार्ग निघाला. सकाळचा परिपाठ मी रोज घेत होतो, राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रार्थना. त्याची वेळ धरली गेली. पाठ टाचणाचे ठरावीक तास धरले. उरलेल्यांसाठी महाराष्ट्र दिनाच्या समूहगानाची तयारी करून घेतली, परीक्षा सुरू असतानाही दुपारी येणाऱ्या मुलांची. नोंदवहीवर दर शुक्रवारी सही घ्या आणि तासिकेशेजारी मिनिटं लिहा. आणखी एक: सलग तीन-चार तासिका शिकवल्यावर गळा रियाजाच्या लायकीचा राहत नाही. मी पहाटे पाचला खर्ज करून मग शाळेत जायचो आणि वर्गात आवाज चढवण्याऐवजी टाळीचा ठेका द्यायचो. मुलं ठेका उचलतात आणि गप्प होतात.

१ मेला झेंडावंदनाला मुलं काळी चारमध्ये गायली. मी पेटीवर होतो.

तिसऱ्या सत्राबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या वर्षाचं शुल्क २१,५००, पुन्हा तेवढंच. संशोधन प्रकल्पाला मी शाळकरी मुलांच्या सोयीच्या पट्टीचा विषय घेतला. मार्गदर्शक मॅडमनी, म्हणजे चाचणीत प्रश्न विचारणाऱ्या त्याच मॅडमनी, प्रश्नावली पाच वेळा परत पाठवली. मुलांचं ध्वनिमुद्रण करायचं तर पालकांची लेखी संमती लागते, ते फॉर्म गोळा करण्यात अख्खा सप्टेंबर गेला. विषय ठरला की त्याच दिवशी संमतिपत्रं वाटा.

चौथ्या सत्राची मुख्य गोष्ट मंचप्रदर्शन. चाळीस मिनिटं, बाहेरचे दोन परीक्षक. मी मुलतानी राग निवडला. गुरुजींनी आधी नाही म्हटलं, कारण मुलतानीचा वादी पंचम, आणि माझा पंचम किंचित चढा लागतो ही त्यांची बारा वर्षांची तक्रार. फेब्रुवारीत एका शनिवारी त्यांनी मला मुलतानीच्या पंचमावर थांबायला सांगितलं. थांबलो. पुन्हा थांबायला सांगितलं. डोळे मिटून ऐकत होते. "हे कधी केलंस?" मी काहीच वेगळं केलं नव्हतं. शाळेत चार महिने रोज तो स्वर सा म्हणून ऐकला होता, त्याच्यावर चाळीस मुलांना आणून बसवलं होतं. गुरुजींना हे सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "मुलतानी गा."

एप्रिल २०२५ मध्ये वेळापत्रक लागलं. माझं नाव सकाळी साडेदहाला. मुलतानी दिवसाच्या चौथ्या प्रहराचा, म्हणजे दुपारी तीननंतरचा, साडेदहाला कसा गाऊ? एक सहाध्यायी जौनपुरी हा सकाळचा राग गाणार होती आणि तिला दुपारचे चार दिले होते. तिचीही तीच रडकथा, उलट बाजूने. दोघांनी मिळून अर्ज केला, दोघांच्या सह्या, विभागप्रमुखांची शिफारस, परीक्षा विभागाचा शिक्का. सहा दिवस लागले. राग ठरला की त्याची वेळ लेखी कळवून ठेवा, वेळापत्रक करणारे लोक नावांच्या क्रमाने करतात.

साथीदार आपले आपण आणायचे. तबला आणि संवादिनी, दोन तालमी आणि परीक्षा धरून दोघांचं मानधन ७,००० रुपये. दोघांनीही विद्यार्थी म्हणून कमी घेतलं. एप्रिल-मेमध्ये सगळीकडे परीक्षा असतात, त्यांच्या तारखा फेब्रुवारीतच धरा. प्रदर्शनाच्या दिवशी चार वाजता विलंबित एकताल सुरू केला. पहिली दहा मिनिटं हात गार होते. मंद्र निषादावरून वर येताना गळा थोडा दाटला आणि एक जागा निसटली, अजून आठवते. द्रुत तीनताल बरा झाला. पंचमावर मी ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ थांबलो, आणि संवादिनीवाल्या दादांनी तिथे काहीच न वाजवता मला एकट्याला राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. भूप-देशकारचा प्रश्न येईल म्हणून त्या मुलीचं वाक्य तयार ठेवून गेलो होतो. तो आलाच नाही. श्रुतींवर विचारलं, मुलतानी आणि तोडी यांवर विचारलं, आणि वर्गात बेसूर मुलाचं काय करता असं विचारलं. त्यावर मी पाच मिनिटं बोललो असेन.

निकाल जुलैत लागला. गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव पुन्हा चुकलं होतं. दुरुस्तीचा अर्ज, २५० रुपये, सोबत २०२३ चं ते प्रतिज्ञापत्र. २६ दिवसांनी नवी प्रत मिळाली. मूळ प्रतिज्ञापत्र जपून ठेवलं होतं म्हणून एवढ्यात सुटलो. पदवी प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज असतो, तो आपोआप येत नाही. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर पुढे यूजीसी नेट ही पात्रता परीक्षा आहे. संगीताचा विषय क्रमांक १६, तीन तास, १५० प्रश्न, ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एम.ए.ला खुल्या प्रवर्गातून ५५ टक्के लागतात, तेवढे मला आहेत. अभ्यास सुरू केलाय, त्याबद्दल जमलं तर नंतर लिहीन.

दोन वर्षांचा खर्च शुल्क, कागदपत्रं, साथीदार, मिरज, झेरॉक्स आणि प्रकल्पाची बांधणी धरून साधारण ६१,००० झाला. कमी झालेला पगार वेगळा.

शाळेच्या बाईंनी या वर्षी आठवड्यातून तीन दिवस बोलावलंय, मानधनावर. कार्यालयाची दुपारची वेळ मी तशीच ठेवली आहे. सोमवारी साडेअकराला सहावीची तासिका आहे. त्याआधी पायपेटीचा भाता शिवून आणायचाय. शनिवारी गुरुजींकडे जाताना रिक्षात घालून नेईन, त्यांच्या गल्लीत एक दुरुस्तीवाले आहेत.